आधी बैल काढू द्या, ‘ब’ नंतर

आमच्याकडं साडेतीन वर्षांच्या लेकराची वही भरली की शाळा चांगली, वही कोरी राहिली की शाळा बोगस. लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठल्याही तालुक्याच्या गावी नर्सरी सुटायच्या वेळी फाटकापाशी थांबून ऐका. लेकरू वर्गात गाणं म्हणतं का, कुणाशी खेळतं का, डबा खातं का, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, ‘तुमच्यात कॅपिटल झाले का? आमच्यात स्मॉल सुरू झाले.’ अंगणवाडीत जाणाऱ्यांची तऱ्हाही फार वेगळी नाही. ‘ताई, दोन वर्षं यायलंय हे, अजून स्वतःचं नाव लिहिता येईना त्याला,’ हे ऐकून घेतलं नाही अशी अंगणवाडीताई मराठवाड्यात सापडणं अवघड.

मी हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. माझ्या हाती पोरं येतात ती हे सगळं उरकून झाल्यावर. आठवी-नववीतल्या एखाद्या पोराच्या वहीचं पान उलटून मागून बोट फिरवलं तर अक्षरं बोटाला लागतात, इतका दाब. अंगठा बोटांवरून पलीकडं गेलेला, पेन मुठीत आवळलेला, अर्धं पान लिहून झालं की हात झटकायचा. अशा पोरांना वर्गात साधा गोल काढा म्हटलं की लगेच हात वर होतो, ‘सर, बांगडी ठेवून काढू का?’ शाळेत पाऊल ठेवल्यापासून ज्यांनी रोज काही ना काही लिहिलं, त्यांना मोकळ्या हातानं गोल काढायची भीती वाटते. ही भीती कुठून आली याचा माग काढत गेलं तर पहिलीचा वर्गही मागं पडतो आणि आपण नर्सरीच्या दारात येऊन उभे राहतो.

माझं म्हणणं असं आहे: पाचेक वर्षांपर्यंत लेकराच्या हातात अक्षर देऊ नये, चित्र द्यावं. आणि चित्र म्हणजे चित्रच द्यावं, चित्राच्या नावाखाली रेघांची घोकंपट्टी देऊ नये. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहिला आता बऱ्याच शाळांनी तोंडानं मान्य केलाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून वेगळा काढला. २०२२ साली त्या स्तराचा जो राष्ट्रीय आराखडा आला, त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नकोच असं म्हटलंय. तेव्हापासून शाळांच्या माहितीपत्रकांची भाषा बदलली. ‘आम्ही लगेच लिहायला लावत नाही, आधी ड्रॉइंग घेतो,’ असं पालकांना सांगतात.

हे ड्रॉइंग काय असतं ते एकदा वही उघडून बघावं. चौकटीची वही. प्रत्येक चौकटीत एक उभी रेघ. अख्खं पान. याचं नाव स्टँडिंग लाइन. दुसऱ्या दिवशी आडव्या रेघांचं पान, ती स्लीपिंग लाइन. मग उजवीकडं कललेली, मग डावीकडं कललेली, मग अर्धगोल. पहिल्या ओळीत बाईंनी काढून दिलेलं, दुसऱ्या ओळीत ठिपके, खाली लेकरानं स्वतः. चौकटीबाहेर रेघ गेली की लाल फुली. आता त्या लेकराच्या बाजूनं विचार केला तर ही उभी रेघ आणि इंग्रजीतला ‘एल’ यात फरक काय राहिला? दोन्हीला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. दोन्ही बाईंनी सांगितलं म्हणून काढायचं, दोन्ही वीस वेळा काढायचं, आणि दोन्ही चुकायची धास्ती. फक्त अक्षराच्या जागी रेघ आली. याला लेखनपूर्व तयारी म्हणतात, आणि या तयारीची छापील पुस्तकं शाळेतूनच घ्यायची सक्ती असते. कोरा कागद विकून कुणाला पैसे सुटत नाहीत, ठिपक्यांचं पुस्तक विकून सुटतात, हेही यामागचं एक साधं कारण आहे.

चित्र काढणारं लेकरू काय करतं ते आता बघू. एका अंगणवाडीत पोळा होऊन गेल्यावर गेलो होतो. ताईंनी भिंतीच्या खालच्या बाजूला काळा रंग देऊन तळफळा करून घेतलेला. चार वर्षांची एक पोरगी खडूचा बोटभर तुकडा घेऊन उभी होती. तिनं आधी एक मोठा वाकडातिकडा गोल काढला. तो जुळेना, दोन्ही टोकं एकमेकांना चुकवून गेली. तिनं मागं सरकून बघितलं आणि एक छोटी रेघ जोडून तोंड मिटवलं. मग पाय. एक, दोन, तीन, चार, आणि ओघात पाचवाही. मोजले, आणि तळहातानं एक पुसला. पुसताना शेजारचाही अर्धा गेला, तो परत काढला, या खेपेला नीट खालपर्यंत. मग शिंगं, दोन लांब कमानी, एकमेकींकडं तोंड केलेल्या. उजवं शिंग फळा संपला तरी भिंतीवर वर गेलं. शेवटी गळ्यात घुंगरांचे ठिपके. कुणाचा बैल, विचारलं तर म्हणाली, ‘आमचा. ह्यो नवा हाय, मारतो.’

यात काय काय झालं बघा. गोल सुरू करून तो सुरुवातीलाच आणून मिटवायचा, हे ‘व’ला लागतं, ‘ब’ला लागतं, ‘क’ला लागतं. रेघ वरून खाली आणून नेमक्या जागी थांबवायची, हा काना. त्याच्याशिवाय देवनागरीतली निम्मी अक्षरं उभी राहत नाहीत. शिंगाची कमान ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ मध्ये आहे. जागच्या जागी ठिपका देऊन हात उचलायचा, हा अनुस्वार. आणि हे सगळं उभ्या फळ्यावर, खांद्यापासून हात हलवत, मनगट मागं वळवून. तुकडा बोटभरच असल्यानं मूठ करून धरता येत नव्हता, तीन बोटांची चिमूट आपसूक झालेली. लांब, बारीक, टोक केलेली पेन्सिल साडेतीन वर्षांच्या हातात दिली की ती मुठीतच जाते, मग आपण वर्षभर ‘नीट धर, नीट धर’ करत बसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक तिला स्वतःला दिसली आणि तिची तिनंच दुरुस्त केली. बैलाला पाच पाय नसतात हे तिला ठाऊक होतं. चौकटीतली उभी रेघ चुकली की बरोबर हे मात्र तिला बाईंना विचारल्याशिवाय कळायचं नाही.

आपल्याकडं ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असं नाही. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. १ उलटेसुलटे, आडवेउभे जोडत जायचे आणि त्यातून देवी उभी करायची. लिहिणं आणि चित्र यांची सांधेजोड याहून चांगली मी तरी पाहिलेली नाही. एकच वळण पुन्हापुन्हा काढायचं आहे, म्हणजे सराव आहेच. पण पान भरायचं म्हणून काढायचं नाही, सरस्वती पुरी व्हायची म्हणून काढायचं आहे. नागपंचमीला भिंतीवर काढलेले नाग, चैत्रांगण, दारातली ठिपक्यांची रांगोळी, पोळ्याला काळ्या मातीचे बैल. ओली काळी माती मळून तिचा बैल करणं हा बोटांना जो व्यायाम आहे तो कुठल्याही खेळण्याच्या दुकानात विकत मिळत नाही. हे सगळं आता शाळांमधून सणाच्या दिवशी फोटोपुरतं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्लीपिंग लाइन.

आता शास्त्र काय सांगतं. मुलं आकार कुठल्या क्रमानं काढू लागतात याचा अभ्यास जगभर झालेला आहे आणि त्या क्रमाबद्दल फारसा वाद नाही. पाहून उभी रेघ दोन वर्षांच्या आसपास, मग आडवी, गोल तीनच्या सुमारास, अधिकाचं चिन्ह चारच्या मागंपुढं, चौकोन चार ते पाच, त्रिकोण पाचच्या आसपास आणि शंकरपाळ्याचा आकार त्याच्याही नंतर. म्हणजे तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते. एकाच वेळी खाली आणि बाजूला जायचं हे हाताला अवघड जातं. आता नर्सरीत पहिलं अक्षर कुठलं शिकवतात? ‘ए’. दोन तिरक्या रेघा टोकाला जुळवायच्या आणि मध्ये आडवी. जे काम पाचव्या वर्षाचं, ते साडेतीनला. मराठीत सुरुवात ‘अ’पासून, तो तर त्याहून गुंतागुंतीचा. वर्णमालेचा क्रम उच्चारासाठी उत्तम आहे, हातासाठी तो क्रम नव्हेच. जुन्या गुरुजींना हे कळत होतं म्हणून ते ‘ग म भ न’पासून सुरू करायचे.

व्हॉट्सअॅपवर एक एक्स-रे फिरतो. लहान मुलाच्या हाताचा आणि सात वर्षांच्या मुलाच्या हाताचा, शेजारी शेजारी. खाली लिहिलेलं असतं, ‘हाडंच तयार नाहीत, लिहिणार कसं?’ माझ्या बाजूचा पुरावा असूनही मला तो पटत नाही. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करत वर्षानुवर्षं पक्की होत जातात, हे खरं. पण शेवटचं हाड पक्कं व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. मग काय पाचवीपर्यंत पेन द्यायचाच नाही? प्रश्न बोटांच्या बारीक स्नायूंचा, डोळा आणि हात यांच्या मेळाचा आणि सरावाचा आहे. चांगल्या बाजूला कच्चा पुरावा जोडला की समोरचा माणूस तेवढाच धरून सगळं उडवून लावतो.

पक्का पुरावा वेगळा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अजून वाचता न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हातानं मोकळी काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवून मुलांच्या मेंदूचं चित्रण केलं. वाचनाच्या वेळी मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना जागे झाले. गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरांना तसे झाले नाहीत. मुलं थोडी होती आणि अक्षरं रोमन होती, तेव्हा यातून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण कारण पटण्याजोगं आहे. मोकळ्या हातानं काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, वेडंवाकडं येतं, आणि त्या वेड्यावाकड्यांतून हाही ‘क’च आणि तोही ‘क’च हे डोळा शिकतो. ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवताना अक्षर आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं असतं.

याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण चित्रकलेचे शिक्षक ती सांगत नाहीत. नुसती चित्रं काढून, माती मळून, मणी ओवून अक्षर सुधारत नाही. कॅनडातल्या हॉय, इगन आणि फेडर या संशोधकांनी २०११ साली अक्षर सुधारायच्या उपायांवरची संशोधनं तपासली. ज्या उपायांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता, किंवा असून वीस तासिकांपेक्षा कमी होता, त्यांचा उपयोग झालेला दिसला नाही. म्हणजे ‘चित्रं काढू द्या, अक्षर आपोआप वळणदार होईल’ हा भाबडेपणा आहे. सहाव्या वर्षी पहिलीत अक्षर शिकवावंच लागतं. कुठून सुरू करायचं, कुठं वळायचं, शिरोरेघ कधी द्यायची, हे शिक्षकानं पाठीशी उभं राहून दाखवावं लागतं. चित्राचं काम त्याआधीचं आहे. हाताला रेघेची भीती राहू नये आणि रेघ आपल्या मनाप्रमाणं थांबते, वळते, मिटते हा विश्वास बसावा, एवढं चित्र करतं. मग पहिलीतला सराव थोड्या दिवसांत अंगवळणी पडतो.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या खाजगी शाळा ज्यांचं नाव पाटीवर मिरवतात त्या माँटेसोरीबाईंनी नेमकं हेच केलं होतं. १९०७ साली रोममध्ये त्यांनी बालगृह सुरू केलं. तिथं मुलांना धातूच्या चौकटी दिल्या. चौकटीच्या कडेनं रंगीत पेन्सिल फिरवून आकार उमटवायचा आणि तो आतून रेघांनी भरायचा. अक्षर शिकवायच्या फार आधीपासून हात असा तयार होत राहायचा. त्यांच्याकडची काही मुलं चारच वर्षांची असताना लिहू लागली, हे मी लपवत नाही. म्हणून पाच हा आकडा मला दगडावरची रेघ वाटत नाही. लेकराला स्वतःला लिहावंसं वाटलं तर कुणी त्याचा हात धरू नये. पण ‘माँटेसोरी’ अशी पाटी लावायची आणि आत चौकटीत वीस उभ्या रेघा काढून घ्यायच्या, याला काय म्हणावं? गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हीच पद्धत गुजरातेत भावनगरला इथल्या मातीत रुजवली. पुढं ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. बोर्डीला शिंपले होते, आमच्याकडं चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, तुरीच्या शेंगा आहेत. उणीव साधनांची नाही.

आता आक्षेपांकडं. सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते असं: ‘आम्ही गिरवूनच शिकलो, आमच्या आजोबांचं अक्षर तर मोत्यासारखं होतं.’ मराठवाड्यात हे आजोबा निजामाच्या राजवटीत शिकलेले. शाळेत उर्दू, घरी मराठी, काहींना मोडीही यायची. लाकडी तख्ती आणि बोरू. खरंच सुंदर असायचं ते अक्षर. पण हे आजोबा शाळेत गेले ते सहाव्या-सातव्या वर्षी, कधी त्याहून उशिरा. तोवर त्यांच्या हातांनी शेंगा फोडल्या होत्या, हुरडा मळला होता, गोट्या खेळल्या होत्या, शेणात आणि मातीत काय काय केलं होतं. त्यांचं गिरवणं तयार हातावर झालं, तीन वर्षांच्या हातावर झालं नाही. शिवाय ज्यांचं अक्षर वाईट होतं त्यांची पत्रं कुणी जपून ठेवत नाही. ज्यांचा हात वळला नाही ते छड्या खाऊन शाळा सोडून गेले आणि गुरांमागं लागले. त्यांचे नातू आज ‘आमचे आजोबा मोत्यासारखं लिहायचे’ असं सांगायला नसतात.

दुसरा आक्षेप, मोबाइलच्या जमान्यात अक्षर हवं कशाला? दहावी-बारावीची परीक्षा अजून तीन तास हातानं लिहावी लागते, एवढं उत्तर पुरे.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र थांबावं लागतं, कारण तो आईचा आहे. सातवीत शाळा सुटलेली, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी बाई नर्सरीची फी भरते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. वर्गात काय चालतं हे तिला बघायला मिळत नाही. भरलेली वही ही तिच्या हातातली एकमेव पावती आहे. तिला तुम्ही बालमानसशास्त्र सांगायला लागलात तर ती मनात म्हणणार, यांची लेकरं कशीही शिकतील, माझ्या लेकराला खेळायला लावून हे पगार घेणार. आणि तिचा हा संशय निराधार नाही. शाळेत वर्षं घालवूनही वाचता न येणारी पोरं तिनं आपल्याच गल्लीत बघितली आहेत. लहानपणी लिहायला लावू नका असं मोठ्या आवाजात सांगणारे आम्ही लोक बहुतेक पगारदार, आमच्या घरी पुस्तकं असतात, आमची लेकरं शाळेनं काही केलं नाही तरी तरतात. या आईला पावती हवी असेल तर पावती दिलीच पाहिजे, फक्त ती खरी असावी. जूनमध्ये लेकरानं काढलेलं माणसाचं चित्र आणि फेब्रुवारीत काढलेलं माणसाचं चित्र, दोन्हीवर तारीख घालून शेजारी शेजारी लावा. जूनच्या माणसाचे हातपाय डोक्यातून निघालेले असतात. फेब्रुवारीच्या माणसाला धड असतं, बोटं असतात, कधी खिशात मोबाइल असतो. हा फरक कळायला कुणाला सातवी पास असावं लागत नाही.

या आईवर दबाव वरूनही येतो. दहावी-बारावीला भरघोस गुण मिळवून देणाऱ्या लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, गावोगावची पोरं खोल्या घेऊन शिकायला लातूरला आली, यात वाईट काही नाही. पण त्या बारावीची सावली आता साडेतीन वर्षांच्या लेकरावर पडू लागली आहे. ‘फाउंडेशन’ नावाच्या शिकवणीची इयत्ता दरसाल एकेक खाली सरकते आहे. मग नर्सरीच्या बाईंना वाटतं आपण मागं पडलो, आणि त्या दिवाळीआधीच स्मॉल लेटर काढतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची लेकरं आहेत. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. चार-पाच वर्षांचं लेकरू आईबापाबरोबर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतं. अंगणवाडीचं निम्मं वर्ष तिथंच जातं. हे लेकरू पहिलीत येतं तेव्हा त्यानं पेन्सिल धरलेली नसते, म्हणून ते ‘मागं’ ठरतं आणि त्याला थेट वहीवर बसवतात. माझा अनुभव असा की या पोरांचे हात मजबूत असतात. वाढं उचललेली, जनावरं सोडलेली, काटकीनं फडात रेघोट्या ओढलेली असतात. त्यांना हवी असते ती रेघ डोळ्यांसमोर धरून वळवायची सवय. पहिले काही आठवडे त्यांना नुसतं चित्र काढू द्या. कोपी काढतील, ट्रॅक्टर काढतील, बैलगाडी काढतील, कारखान्याची चिमणी काढतील. चिमणीचा धूर म्हणजे एकाला एक लागलेले गोलच की. वर्गातल्या इतर पोरांनी न पाहिलेलं त्यांच्याकडं काढायला पुष्कळ असतं, आणि ‘मागं’ असलेलं पोरगं वर्गात पहिल्यांदा पुढं येतं.

आणखी एक बारीक गोष्ट. चित्र काढताना लेकरू कुठला हात वापरतं हे दिसतं. वहीवर बसवलं की पहिल्याच दिवशी उजव्या हातात पेन्सिल कोंबली जाते. डावऱ्या पोरांचे हाल तिथूनच सुरू होतात.

चित्रकलेकडं आपली व्यवस्था कुठं बघते हे तपासलं तर अजब चित्र दिसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तिथंही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली-दुसरीला कुणी नाही. बालवाडीचा तर प्रश्नच नाही. चित्रकलेचा शिक्षक हायस्कूलला असतो. तिथं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा होतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळं त्या वर्षांत चित्रकलेचं महत्त्व पालकांना अचानक कळतं. तेव्हा माझ्याकडं गर्दी होते. म्हणजे ज्या वयात चित्र हाताला घडवतं त्या वयात चित्र नाही, आणि जेव्हा हात घडून, बिघडून झालेला असतो तेव्हा गुणांसाठी चित्र. या उलट्या रचनेत माझंही पोट भरतं, म्हणून ती बदला असं सांगताना मला थोडं हसूही येतं.

बदलायला पैसा फारसा लागत नाही. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पूर्वशालेय शिक्षण पहिल्यापासून आहे, पण ताईचा दिवस वजन, उंची, आहार, गृहभेटी, सर्वेक्षण आणि मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरण्यात जातो. तिला आणखी एक काम लावतोय असं वाटू नये. उलट लेकरांचा हात धरून ‘अ’ काढून घेण्यापेक्षा त्यांना तळफळ्यापाशी सोडणं हलकं काम आहे. खोलीच्या तीन भिंतींना लेकराच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत काळा रंग, खडूची पेटी, गेरू, कोळसा, एका बाजूनं कोरी रद्दी, लग्नपत्रिकांची पाकिटं. शहाबादी फरशी असेल तर कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर काढायचं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात मी पाण्यानं चित्रं काढायला सांगतोय हे खरं, पण एका वाटीत दहा लेकरांचं काम भागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात फरशी पाच मिनिटांत पुन्हा कोरी होते. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून खुर्च्या आणि सतरंज्या घेतल्या जातात. दोन डबे काळा रंग त्यात सहज बसतो.

अडचण दुसरीकडं आहे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, शाळा शिक्षण खात्याची, हायस्कूल बहुतेक ठिकाणी संस्थेचं. गावात तिन्ही एकाच रस्त्यावर असली तरी कागदावर एकमेकांना ओळखत नाहीत. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांनी मिळून एक पत्र काढावं की रेखाकला परीक्षा आटोपल्यावर हायस्कूलच्या चित्रकला शिक्षकानं आठवड्यातली एक तासिका गावातल्या अंगणवाडीत घ्यायची. लेकरांना शिकवायला जायचं नाही. ताईला आणि पहिलीच्या शिक्षकांना एवढंच दाखवायचं की लेकरू काढत असताना मध्ये बोलायचं नाही, ‘हे काय काढलंस’ विचारायच्या आधी थोडं थांबायचं, आणि बैलाला पाच पाय झाले तर ते त्याला मोजू द्यायचे. आमच्या विषयाचे शिक्षक परीक्षा झाल्यावर तसे मोकळेच असतात. संस्थाचालक त्या काळात त्यांना बदली तासिकांना बसवतात किंवा स्नेहसंमेलनाचा मंच रंगवायला लावतात.